वाऱ्याची गळती

छप्पर गळू लागले की ते घरातल्या लहानथोरांना लगेच कळते. भिंतीवर ओल उमटते, गळतीखाली पातेली-बादल्या मांडल्या जातात आणि पाऊस उघडण्यापूर्वीच गवंड्याकडे निरोप जातो. वाऱ्याची गळती अशी डोळ्यांना दिसत नाही. ती दाराच्या तळाशी, खिडकीच्या चौकटीत, भिंत आणि छत जिथे भेटतात त्या सांध्यात, नळांसाठी व विजेच्या तारांसाठी पाडलेल्या भोकांत दडलेली असते. आपल्याकडे तिची फारशी कोणी दखल घेत नाही. किंबहुना वारा खेळता असलेले घर तेच चांगले घर असे आपण मानतो, आणि आपल्या हवामानात ते योग्यही आहे. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही प्रदेश आहेत, की जिथे ही अदृश्य गळती मोजण्यासाठी खास यंत्र लावतात, ती किती असावी याचे नियम आहेत, आणि घर विकत घेताना तिचा आकडा आवर्जून विचारला जातो.

हा विषय घेण्यास एक पत्र निमित्त झाले. आपल्या एका वाचक भगिनींची कन्या व जावई कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात स्थायिक झाले आहेत. त्यांनी तेथे घर घेतले. एकमजली, तळघर नसलेले, १२ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच. तपासनीसाने दाराला एक मोठा पंखा बसवून घराची परीक्षा केली आणि एक कागद हाती ठेवला. त्यावर ‘एसीएच५० : ३.०’ आणि ‘ईक्यूएलए : ३५२ चौ. सेंमी.’ अशी अक्षरे आहेत. भगिनी विचारतात, ‘‘ताशी तीन वेळा घरातली सगळी हवा बदलत असेल, तर त्या भयंकर थंडीत ते घर तापते तरी कसे? आणि समजा, त्यांनी फटी बुजवून घर अगदी बंद करून टाकले, तर माझ्या नातवाला श्वासाला ताजी हवा मिळणार कुठून?’’ दोन्ही प्रश्न इतके नेमके आहेत, की पुष्कळ घरबांधणी करणाऱ्यांनाही ते सुचत नाहीत. त्यांचे उत्तर देण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

हवा आपण होऊन फटीतून जात नाही. फटीच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक असेल तरच ती हलते. हा फरक तीन कारणांनी पडतो. वाऱ्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण ऊब. उबदार हवा हलकी असल्यामुळे ती वर चढते, छताजवळच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी जमिनीलगतच्या फटींतून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. आत २० अंश आणि बाहेर शून्याखाली ३० अंश असतील, तर केवळ या कारणाने घराच्या दर मीटर उंचीमागे सुमारे अडीच पास्कल इतका फरक पडतो. म्हणजे वारा पूर्ण पडलेला असला तरी गळती चालूच राहते. तिसरे कारण पंखे. हे मात्र आपल्या अगदी परिचयाचे आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडे वैशाखात खिडकीला कूलर लावतात, तेव्हा समोरचे दार लोटले तर ते आपोआप उघडते, आणि सर्व दारे-खिडक्या घट्ट लावल्या तर कूलरचा झोत मंदावून खोली दमट होते. म्हणून जाणती माणसे समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवतात. कूलरने खोलीत हवा कोंबली, दाब वाढला, आणि वाढलेला दाब बाहेर पडायला वाट शोधू लागला. कॅनडातल्या त्या तपासनीसाने दारात जे केले ते याहून फारसे वेगळे नाही. त्याने फक्त जोडीला मापन ठेवले.

ही परीक्षा जन्मास आली ती तेलाच्या टंचाईतून. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि थंड देशांतील घरे तापवण्याचा खर्च डोळ्यांत भरू लागला. सस्कॅचेवानच्या सरकारने तेथील संशोधकांना प्रांताच्या हवामानाला साजेसे सौरगृह बांधण्यास सांगितले. हॅरॉल्ड ऑर या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा त्यांना दिसले की ज्या अक्षांशावर ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, तेथे सूर्याकडून उष्णता मिळवण्याच्या खटाटोपापेक्षा आहे ती उष्णता बाहेर जाऊ न देणे कितीतरी स्वस्त पडते. १९७७ साली रेजायना शहरात उभ्या राहिलेल्या त्या घराच्या भिंती जवळजवळ फूटभर जाड व उष्णतारोधक द्रव्याने भरलेल्या होत्या, आतल्या बाजूने प्लास्टिकच्या कापडाचे अखंड आवरण होते, आणि त्या आवरणाच्या प्रत्येक सांध्याची काळजी घेतलेली होती. नेहमीची भट्टी त्या घरात नव्हतीच. मागाहून मोजले तेव्हा गळतीचा आकडा भरला ०.८. सौर नळ्याही त्या घरावर बसवल्या होत्या, पण पुढे त्या काढून टाकण्यात आल्या. भिंती आणि आवरण मात्र आपले काम करीत राहिले. मला या हकीकतीत विशेष वाटते ते असे, की डोळ्यांत भरणारी वस्तू निकामी ठरली आणि प्लास्टर केल्यावर कोणाला दिसणारही नाही असा तो पातळ पडदा कामाला आला.

त्याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाचे संशोधक एक कोडे सोडवीत होते. एकाच नमुन्याची घरे, पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर पुरेसा, तरीही छपरावाटे जाणारी उष्णता हिशेबाने येणाऱ्या आकड्याहून पुष्कळच अधिक. शोध घेता घेता गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उलगडा झाला, की धुराड्याभोवतीच्या पोकळीतून आणि दोन घरांमधल्या सामाईक भिंतीतून उबदार हवा थेट पोटमाळ्यात चढते आहे. रोधक थर जागच्या जागी होता, पण हवा त्याला वळसा घालून जात होती. अशा चोरवाटा हुडकायला साधन हवे होते. स्वीडनमध्ये १९७७च्या सुमारास खिडकीत पंखा बसवून घराची गळती मोजण्याची पद्धत सुरू झाली होती. ती १९७९ साली ब्लोमस्टरबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने प्रिन्स्टनला आणली. तेथे पंखा खिडकीतून दारात आला, आणि ‘ब्लोअर डोअर’ हे नाव रूढ झाले.

यंत्र दिसायला साधे आहे. दाराच्या चौकटीत बसणारी, लांबीरुंदी जुळवून घेता येणारी धातूची चौकट, तिच्यावर ताणलेले हवा न सोडणारे कापड, कापडातल्या भोकात वेग कमीजास्त करता येणारा पंखा, आणि दोन दाब एकाच वेळी दाखवणारे दाबमापक. एक दाब घराच्या आतबाहेरचा. दुसरा पंख्याच्या मुखाशी पडणारा, ज्यावरून पंख्यातून तासाला किती घनमीटर हवा जाते ते काढता येते. घर फार घट्ट असेल तर पंख्याच्या तोंडावर लहान भोकाची कडी बसवतात, म्हणजे थोडासा प्रवाहही नीट मोजला जातो.

परीक्षेपूर्वीची तयारी अनुभवाने ठरलेली आहे. बाहेरची सर्व दारे-खिडक्या बंद, आतली सर्व दारे उघडी, ज्वलनाची उपकरणे बंद. सांडपाण्याच्या नळ्यांच्या वाकणांत पाणी भरलेले हवे, नाहीतर गटारातली दुर्गंधी घरात शिरते. शेकोटीतली राख आधी काढून टाकावी लागते. ती विसरणाऱ्याला पंखा सुरू होताच दिवाणखान्यात राखेची होळी अनुभवता येते! मग पंखा बंद व झाकलेला असताना वारा आणि तापमान यांनी मुळात किती फरक पडला आहे ते टिपून घेतात, कारण पुढच्या वाचनांतून तो वजा करावयाचा असतो. वारा जोराचा असेल तर त्या दिवसाची मोजणी भरवशाची राहत नाही. त्यानंतर पंखा फिरवून दाबाच्या निदान पाच पायऱ्यांवर प्रवाह मोजतात. एकदा हवा बाहेर ओढून, आणि जमल्यास पुन्हा आत ढकलून. आयएसओ ९९७२ हे आंतरराष्ट्रीय मानक या पद्धतीचे आहे.

आकडा सांगताना दाब ५० पास्कल धरतात. पास्कल हे फार चिमुकले माप आहे. ५० पास्कल म्हणजे नळीत पाणी पाच मिलिमीटर वर चढवण्याइतका दाब. वातावरणाच्या एकंदर दाबाचा सुमारे दोन हजारावा भाग. कानाला तो जाणवतही नाही. तरी दोन चौरस मीटरच्या दारावर तो दहा किलो वजनाएवढा रेटा देतो. घरावर ताशी ३२-३३ किलोमीटर वेगाचा वारा सरळ आदळला तर जेवढा दाब पडेल तेवढाच हा, फक्त येथे तो चहूबाजूंनी एकसारखा असतो. ५०च का? याहून पुष्कळ कमी दाब घेतला तर झुळुकीने वाचन हलते. पुष्कळ जास्त घ्यावा तर साध्या पंख्याला तो पेलत नाही आणि खिडक्यांच्या पट्ट्या एरवी उघडणार नाहीत अशा उघडतात. मधला व्यवहारी आकडा म्हणून ५० टिकला.

आता आपल्या भगिनींच्या कागदाकडे वळू. त्या घराचे आकारमान १२ गुणिले १० गुणिले २.५, म्हणजे ३०० घनमीटर. दाबाचा फरक ५० पास्कल ठेवण्यासाठी पंख्याला तासाला ९०० घनमीटर हवा ओढावी लागली. ९०० भागिले ३०० बरोबर ३. हाच तो ‘एसीएच५०’, म्हणजे ५० पास्कलवरील ताशी हवाबदल. युरोपात त्यालाच ‘एन५०’ म्हणतात. अमेरिकेत कित्येकदा भागाकार न करता नुसता प्रवाहच मिनिटाला घनफुटांत सांगतात. तो येथे सुमारे ५३० भरेल.

यातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ताशी तीन हा आकडा पंखा लावलेल्या अवस्थेतला. एरवी घरावर सरासरीने काही थोडेच पास्कल असतात. नेहमीच्या दिवसांतली गळती अजमावायची तर ५० पास्कलच्या आकड्याला २० ने भागावे, असा एक ढोबळ ठोकताळा स्वीडन व अमेरिकेतील अभ्यासकांच्या मोजमापांतून पुढे आला. त्याप्रमाणे या घराचा हवाबदल येतो ताशी ०.१५, म्हणजे सर्व हवा बदलायला सुमारे सात तास. उघड्या माळावरच्या उंच घराला २० हा भाजक मोठा पडतो, झाडीत लपलेल्या बैठ्या घराला लहान. तेव्हा त्याला पंचांगातल्या मुहूर्ताचे महत्त्व देऊ नये. तरी अंदाज बांधायला तो बरा आहे. ताशी ०.१५ प्रमाणे ४५ घनमीटर गार हवा आत येते. आतबाहेर ५० अंशांचा फरक असता तिला तापवायला सुमारे ७४० वॅट लागतात. म्हणजे एक इस्त्री दिवसरात्र चालू ठेवल्यासारखे झाले. हेच घर जुन्या पद्धतीने बांधलेले असते आणि आकडा १० आला असता, तर अडीच हजार वॅट केवळ फटींच्या वाटेने गेले असते.

पण या आकड्यात एक अन्याय दडलेला आहे, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. गळती होते ती पृष्ठभागातून. आकडा मात्र आपण आकारमानाने भागून काढतो. वरच्या घराच्या भिंती, छत आणि जमीन मिळून पृष्ठभाग होतो ३५० चौरस मीटर. दर चौरस मीटरमागे गळती झाली ताशी २.५७ घनमीटर. आता त्याच कारागिरांनी तितक्याच काळजीने ६ मीटर बाय ६ मीटरचे, तेवढ्याच उंचीचे एक लहान घर बांधले असे समजा. त्याचा पृष्ठभाग १३२ चौरस मीटर, म्हणून गळती सुमारे ३३९ घनमीटर. पण आकारमान अवघे ९० घनमीटर. भागाकार येतो ३.८! हात तेच, काम तेच, तरी लहान घरवाल्याचा कागद वाईट दिसतो. म्हणून ब्रिटनमध्ये पृष्ठभागाने भागलेला आकडा पसंत करतात. इंग्लंडच्या नियमांत नव्या घरांसाठी ही मर्यादा २००६ पासून दर चौरस मीटरला ताशी १० घनमीटर होती. २०२२च्या जूनपासून ती ८ झाली. त्याच नियमांनी दुसरी एक पद्धतही मान्य केली. नॉटिंगहॅम विद्यापीठात विकसित झालेल्या या ‘पल्स’ पद्धतीत टाकीतली दाबलेली हवा क्षणभर घरात सोडून केवळ ४ पास्कलवर गळती मोजतात. तिची मर्यादा १.५७ आहे. तेव्हा ब्रिटनमधल्या आप्तांनी ‘‘आमच्या घराचा आकडा ५’’ असे कळवले आणि कॅनडातल्यांनी ‘‘आमचा ३’’ असे कळवले, तर कोणाचे घर सरस हे त्यावरून ठरवता येणार नाही. दोघे वेगवेगळ्या तागड्यांत तोलीत आहेत.

कागदावरचा दुसरा आकडा, ३५२ चौरस सेंटिमीटर, हा सामान्य माणसाला जवळचा वाटतो, कारण तो भोकाचा आकार सांगतो. घरातल्या साऱ्या फटी गोळा करून एकच भोक केले तर ते केवढे होईल? कॅनडात हे भोक १० पास्कल दाबावर, धारदार कडेचे धरून मोजतात. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या रीतीने ४ पास्कलवर, गुळगुळीत मुखाचे धरून मोजतात, आणि तेव्हा याच घराचे भोक भरते १८७ चौरस सेंटिमीटर. जवळजवळ निम्मे! फटी तितक्याच आहेत. मापाची रीत बदलली एवढेच. ज्याला घराची तारीफ करावयाची आहे तो कोणता आकडा सांगेल हे सांगायला नको.

एका दाबावरून दुसऱ्या दाबावर जाता येते ते प्रवाह आणि दाब यांच्या नात्यामुळे. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होत नाही. रुंद भोकातून तो सुमारे १.४ पट होतो. केसासारख्या लांबट चिरेतून दुपटीच्या जवळ जातो. खऱ्या घरात दोन्ही प्रकार असतात, म्हणून तो बहुधा दीडपटीच्या थोडा वर राहतो. गणिताच्या भाषेत दाबाचा घातांक साधारण ०.६५. जुना कसलेला तपासनीस हा घातांक पाहून सांगतो, की या घरात एखादे मोठे भोक राहून गेले आहे, की सगळीकडे बारीक चिरा आहेत. घातांक ०.५च्या खाली किंवा १च्या वर आला तर मोजणीतच काही चुकले असे समजून तो पुन्हा पंखा लावतो.

देशोदेशींच्या मर्यादा थोडक्यात सांगतो. स्वीडनने फार पूर्वीच सुट्या घरांसाठी ३ ही मर्यादा घातली. कॅनडाच्या १९८२ साली सुरू झालेल्या ‘आर-२०००’ योजनेत ती १.५ आहे. अमेरिकेच्या आदर्श बांधकाम संहितेने २०१२ मध्ये थंड व मध्यम प्रदेशांसाठी ३ आणि उष्ण प्रदेशांसाठी ५ सुचवली. सर्वांत कडक जर्मनीतील ‘पासिव्हहाउस’ पद्धत : ०.६. डार्मस्टाट शहरात वोल्फगांग फाइस्ट यांनी १९९०-९१च्या सुमारास बांधलेल्या घरापासून ती परंपरा सुरू होते, आणि तिच्या मागे रेजायनाच्या घराचा धडा आहे. तेथे आकारमान मोजतानाही खोल्यांच्या आतील हवाच तेवढी धरतात, भिंतींची जाडी धरीत नाहीत. त्यामुळे भाजक लहान होऊन परीक्षा आणखी अवघड होते. फ्रान्सने आपली मर्यादा ४ पास्कलवर बांधली आहे. या सगळ्यात भगिनींच्या जावयांचे ३ म्हणजे मध्यम प्रतीचे घर. वाईट नाही; त्या प्रांताच्या मानाने सुधारणेला जागा आहे.

आता दुसरा प्रश्न, नातवाच्या श्वासाचा. माझ्या मते पत्रातला खरा महत्त्वाचा प्रश्न हाच. फटींवर भिस्त ठेवून ताजी हवा मिळवणे म्हणजे छपराच्या गळतीवर पिण्याचे पाणी भरण्यासारखे आहे. कडाक्याच्या थंडीत आणि वादळात ती नको तेवढी मिळते. वसंतातल्या निवांत दिवशी, जेव्हा आतबाहेरचे तापमान सारखे आणि वारा स्तब्ध असतो, तेव्हा जवळजवळ मिळतच नाही. शिवाय ती कोठून येते यावर आपला ताबा नसतो. जमिनीखालून येणारी हवा काही प्रदेशांत रेडॉन हा किरणोत्सारी वायू बरोबर आणते. आतली दमट हवा फटीतून बाहेर जाताना भिंतीच्या पोटातील गार भागाला भिडते, तेथे तिचे पाणी होते, आणि लाकडी भिंत आतून कुजत जाते. इंधनाच्या खर्चापेक्षा हे नुकसान मोठे असते. १९८९ साली अमेरिकेच्या ॲशरे संस्थेच्या मानकात राहत्या घरासाठी ताशी ०.३५ हवाबदल सांगितला होता. पुढच्या मानकांत माणसांची संख्या व चटईक्षेत्र यांचा हिशेब आला. त्या जुन्या मापानेसुद्धा ०.१५ अपुरे आहे. म्हणजे हे ‘गळके’ घर नातवाला पुरेशी हवा देत नाही आणि उष्णता मात्र घालवते.

यावर तोड म्हणून रेजायनाच्या घरातच उष्णता परत मिळवणारे वायुवीजक बसवले होते. बाहेर जाणारी वापरलेली उबदार हवा आणि आत येणारी ताजी गार हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात. हवा मिसळत नाही, ऊब मात्र या बाजूची त्या बाजूला जाते. साधारण साठ ते ऐंशी टक्के उष्णता अशी वाचते. आज कॅनडातल्या नव्या घरांत हे यंत्र सर्रास असते. मुलीने घरात ते आहे का, असल्यास त्याच्या जाळ्या वेळेवर धुतल्या जातात का आणि ते चालू ठेवले जाते का, हे पाहावे. आवाज होतो म्हणून ते बंद करून ठेवणारी कुटुंबे कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट कन्येला अवश्य कळवावी. आपल्या स्वयंपाकात फोडणीचा ठसका असतो, मिरचीची धुरी असते. त्यामुळे मराठी गृहिणी परदेशात गेली की चुलीवर जोरदार ओढीची चिमणी बसवून घेते. समजा, ती चिमणी ताशी ६०० घनमीटर हवा बाहेर टाकते. वरच्या घातांकाने हिशेब केला तर दारे-खिडक्या बंद असलेल्या या घरात दाब सुमारे २७ पास्कलने उतरेल. घरात जुन्या धाटणीची, धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवर चालणारी भट्टी किंवा पाणी तापवण्याचे गॅसचे उपकरण असेल, तर त्या धुराड्याची ओढ असते जेमतेम काही पास्कल. साहजिकच धूर उलटा फिरून घरात येईल, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. तो वायू रंगहीन, गंधहीन. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. स्वयंपाक करणारीला डोके दुखल्यासारखे वाटते, आणि ती समजते की उभे राहून थकवा आला. स्वतंत्र नळीने बाहेरची हवा घेणारी बंदिस्त भट्टी असेल तर हे भय नाही. नसेल तर चिमणी चालू करताना खिडकी उघडावी किंवा तेवढीच हवा आत घेणारी सोय करून घ्यावी. या वायूची सूचना देणारी घंटा झोपण्याच्या खोल्यांजवळ असावी. गळती बुजवण्याचे काम हाती घेण्यापूर्वी ही तपासणी आणि मागाहून पुन्हा पंख्याची परीक्षा, हा क्रम तपासनीसाकडून मान्य करून घ्यावा.

आपल्या गावांतली घरे या पंख्याने मोजावी असे कोणी म्हणणार नाही. चौक, झरोके, जाळ्या यांच्यासह बांधलेल्या वाड्यात तो पंखा दिवसभर फिरला तरी ५० पास्कल उभे राहणार नाहीत. पण गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत एकेक खोली मात्र कॅनडाच्या घरासारखी झाली आहे. वातानुकूलित झोपण्याची खोली घ्या. भिंतीवरचे ते यंत्र बाहेरची हवा आत आणते असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते खोलीतलीच हवा गार करून फिरवते. झोपलेला प्रौढ माणूस ताशी सुमारे १३ ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीन मीटर बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत तिघे निजले आणि रबरी पट्ट्यांनी खिडक्या अगदी बंद असल्या, तर दर तासाला दशलक्ष भागांत हजाराहून अधिक भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सव्वाचारशेच्या आसपास असते. सकाळी डोके जड होण्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

स्नानगृहातला गॅसचा गीझर याहून वाईट. लहानशी खोली, थंडी वाजते म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला झरोका, आत ज्योत आणि माणूस एकाच हवेवर. दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत येणाऱ्या त्या दुर्दैवी बातम्यांचे मूळ एवढेच असते. ग्वाल्हेरकडे बंद खोलीत रात्रभर पेटती ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीचीही तीच कथा. गीझर स्नानगृहाबाहेर, उघड्यावर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. शेगडी झोपण्यापूर्वी अंगणात काढून ठेवावी.

वातानुकूलित खोलीची गळती पाहण्याची हौस असेल तर यंत्राशिवायही ती भागते. खोलीला लागून असलेल्या स्नानगृहाचा हवा बाहेर टाकणारा पंखा लावा, त्याचे दार उघडे ठेवा, बाकीची दारे-खिडक्या बंद करा आणि पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने सावकाश फिरवा. पडदे जपा. जिथे फट असेल तिथे सरळ चढणारी धुराची रेघ एकदम मोडून खोलीच्या आत झुकते. दाराच्या तळाशी ती झुकेल हे अपेक्षितच असते; खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातही झुकेल. पण एकदा ती विजेच्या बटणांच्या पाटीजवळही धरून पाहा. तारांसाठी भिंतीत घातलेली नळी कोठल्या कोठे जाऊन उघडी पडलेली असते, आणि तिच्या वाटेने बाहेरचा वारा त्या बटणांच्या आडून येत असतो.